सात पिढ्यांचा थेंब

खडवलीला भातसा नदीच्या काठी वाइनचा कारखाना निघाला आहे आणि त्याच्या हिरवळीवर लग्ने लावून मिळतात, ही बातमी आमच्या घरात आणली मीराबाई परुळेकरांनी. ते १९९७ साल, दिवाळीनंतरचे दिवस. माझ्या भावाची, आनंदची मुलगी शेवंती हिचे लग्न मीराबाईंच्या गोविंदशी ठरून तेव्हा तीन आठवडे झाले होते. याच मीराबाईंनी बोलणी करताना कळव्याच्या आमच्या घरात पोह्यांची बशी खाली ठेवत अतिशय सौम्य आवाजात एक विनंती केली होती. "तुमच्याकडे हळदीला ते... पिणं असतं म्हणतात. आमच्या डोंबिवलीच्या माणसांसमोर तेवढं नको हं."

तीन आठवड्यांत त्यांचे तत्त्व बदलले नव्हते. दारू बाटलीतून लाकडी पिंपात गेली होती, तिला परदेशी नाव मिळाले होते आणि तिच्याभोवती गुलाबाचे ताटवे लावलेले होते, एवढेच. एखाद्या पदार्थाची नीतिमत्ता त्याच्या भांड्यावर ठरते, हा सिद्धान्त मी पुष्कळ ग्रंथांत सूचित झालेला पाहिला आहे. इतक्या निर्मळपणे आचरलेला त्याआधी पाहिला नव्हता.

माझी आई आवडाबाई ही कळव्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली धवलारीण. धवलारीण म्हणजे आमच्याकडे लग्न लावणारी बाई. भटजी येतो, मंगलाष्टके म्हणतो, जेवून जातो. पण आमच्या जुन्या माणसांच्या लेखी लग्न लागते ते धवलारणीने जमिनीवर तांदळाच्या पिठाचा चौक भरला, धवळे गायले आणि त्या घराच्या सात पिढ्यांना नावाने हाक मारून प्रत्येकाचा एकेक थेंब जमिनीवर सोडला, की मग. सात पुरुष, त्यांच्या सात बायका. चौदा नावे, दारूचे चौदा थेंब. एवढ्यात कोणी झिंगत नाही. मेलेली माणसे तर नाहीच.

१९८३ साली माझ्या चुलतभावाच्या हळदीत ही चौदा थेंबांची बाटली पोलिसांनी भर दुपारी जप्त केली आणि आईला चौकीवर नेले. तिच्या अंगठ्याचा ठसा घेताना शाईत हळद मिसळली, म्हणून हवालदार तिच्यावर खेकसला होता. ज्याची ऐपत आहे त्याला 'प्रकृतिस्वास्थ्यासाठी' पिण्याचा परवाना देणारे हेच राज्य. मृतांच्या प्रकृतीसाठी परवान्याची सोय त्यात नव्हती. मी तेव्हा ठाण्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होते. आठ वर्षांनी आईच्याच धवळ्यांवर मला डॉक्टरेट मिळाली. तिने गायले, मी लिहून घेतले. एकाच बाटलीवरून आई आरोपी ठरली आणि मी तज्ज्ञ.

चौदा नावे मात्र तिने मला सांगितली नव्हती. "ती कागदावर नाय ठेवायची," ती म्हणाली होती. "हाक तोंडानं मारायची. वेल आली का मीच सांगन तुला." प्रबंधात मी त्या जागी कंस टाकून लिहिले : (येथे सात पिढ्यांची नावे). परीक्षकांनी तो कंस संशोधकीय संयमाचा नमुना म्हणून वाखाणला.

शेवंतीच्या लग्नाला आईने एकच अट घातली. मुलगा कोणत्या जातीचा, देव कोणता, जेवणात मासळी का नाही, यांतले काहीही तिने विचारले नाही. "चौकावर मी बसनार. सात पिढ्यांना हाक मी मारनार. मंग तुमचा भटजी काय वाचायचा ता वाचू दे." हा निरोप डोंबिवलीला पोहोचवण्याचे काम माझ्याकडे आले, कारण मला दोन्हीकडची भाषा येते असा सर्वांचा समज. मी मीराबाईंना सांगितले, "आई दोन पारंपरिक गाणी म्हणेल." आणि घरी येऊन आईला सांगितले, "त्यांना मान्य आहे." भाषांतर करताना काही गळते, असे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवत आले. गाळणारा कोण, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

मीराबाईंनी खडवलीची जागा बघायला जायचे ठरवले; आईला सोबत नेण्याचे कारण मात्र वेगळेच होते. चौक भरायची जमीन धवलारीण आधी जाऊन पाहते. माती हातात घेते, उतार कुठे आहे ते बघते, पाणी मुरते की वाहते याचा अंदाज घेते, कारण थेंब मुरला पाहिजे. वाहून गेला तर तो ज्याचा त्याला पोहोचत नाही. "जमीन बघितल्याबिगर मी व्हय नाय बोलनार," ती म्हणाली. शेवंती आणि गोविंद आपापल्या कामावर. म्हणून गुरुवारी सकाळी आनंदच्या व्हॅनमधून आम्ही चौघे निघालो : पुढे आनंद आणि डोंबिवलीहून घेतलेल्या मीराबाई, मागे मी आणि आई. आई ठेवणीतले हिरवे लुगडे नेसली होती आणि मांडीवर तिने एक रिकामी पितळी वाटी घेतली होती, मातीसाठी.

"आजी, तुम्ही पिकनिकला निघाल्यासारख्या तयार झालात हो!" मीराबाई मागे वळून म्हणाल्या.

"कामावं निंगालो," आई म्हणाली.

कारखान्याचा मालक महिपतराव फाटकातच उभा होता. पन्नाशीचा, पांढऱ्या बुटांचा, उत्साही माणूस. आधी डोंबिवलीच्या एमआयडीसीत कापड रंगवायची रसायने तयार करत होता; एकदा फ्रान्सला जाऊन आला आणि त्याला संस्कृतीची बाधा झाली. द्राक्षे नाशिककडून ट्रकने यायची, बाटल्या आणखी कुठून. खडवलीचे त्यात पाणी आणि मजूर. वाइन खपत नव्हती, हे त्याने स्वतःहून सांगितले नाही. पण हिरवळीवरचा मंडप, लाल गालिचा आणि 'शुभमंगल पॅकेज' अशी पाटी यांनी ते सांगितले.

"आपल्याकडे लोकांना अजून कळत नाही, मॅडम," तो मला म्हणाला. "वाइन म्हणजे दारू नव्हे. वाइन इज कल्चर."

"तेच मी ह्यांना सांगत होते," मीराबाई म्हणाल्या. "गोविंदच्या कंपनीचे जर्मन साहेब येणारेत लग्नाला. त्यांना किती आवडेल! आणि आपल्यात अजून कोणी केलेलंच नाहीये असं."

आईने हिरवळीच्या कडेला बसून वाटीत माती घेतली, चिमटीत चोळली, वास घेतला, थुंकी लावून पाहिली. महिपतराव कौतुकाने बघत राहिला; त्याला वाटले म्हातारीला बागकामाची आवड आहे.

"नदीची माती हाय," आई मला हळूच म्हणाली. "पितंय चांगली. चालंल." तिचा चेहरा उजळला होता. त्या क्षणापर्यंत सगळे जमत आले होते, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते.

मग महिपतराव आम्हाला आत घेऊन गेला. थंड, उंच शेड. एका बाजूला माणसाच्या दुप्पट उंचीच्या स्टीलच्या टाक्या, दुसऱ्या बाजूला आडवी निजवलेली लाकडी पिंपे. आंबलेल्या फळाचा वास. मीराबाईंनी पदर नाकाला लावला आणि मग, हा वास सांस्कृतिक आहे हे आठवून, काढला. आई मात्र दारातच थांबली. तो वास तिच्या चांगल्या ओळखीचा होता. ती सरळ तिसऱ्या टाकीपाशी गेली आणि तिने टाकीला कान लावला.

"ही तयार झाली बरं का आजी, पुढच्या आठवड्यात बाटल्या भरणार," महिपतराव म्हणाला.

"कनची तयार? अजून बोलतंय ती." आईने टाकीवर बोटाने टिचकी मारली. "बुडबुडं येतान. आथाच भरशील त बुचां उरतील तुजी."

महिपतराव हसला, मग हसायचा थांबला, मग त्यानेही टाकीला कान लावला. वरच्या झडपेपाशी चढून पाहून आला. "च्यायला," तो म्हणाला, आणि मीराबाईंकडे पाहून, "सॉरी हं. पण आजींचं बरोबर आहे. गेल्या वर्षी आमच्या दोनशे बाटल्यांची बुचं उडाली होती. आमच्या केमिस्टला नाही कळलं. आजी, तुम्ही हे शिकलात कुठे?"

आनंद एकदम खोकला. "तिचा भाऊ औषधाच्या कंपनीत होता," तो म्हणाला.

"सायरपच्या," आई गंभीरपणे म्हणाली, आणि माझ्याकडे पाहून तिने डोळा बारीक केला. खाडीतल्या तिवरांच्या आडोशाला तिने वीस पावसाळे गूळ आणि नवसागर उकळला होता, तेव्हा माझ्या कॉलेजची पुस्तके आली होती. मी त्या शेडमध्ये मोठ्याने हसले. त्यानंतर आम्ही दोघी एकत्र हसलो नाही.

पिंपांच्या ओळीपाशी एक लांब टेबल मांडले होते. खाली गुळगुळीत तांबड्या फरश्या, वर पांढरे कापड, काचेचे पेले, आणि मध्ये एक पितळी भांडे. महिपतरावाने प्रत्येक पेल्यात दोन बोटे वाइन ओतली आणि पाठ शिकवायला घेतला. पेला देठाला धरायचा. गोल फिरवायचा. नाक घालायचे. घोट तोंडात घोळवायचा. "आणि मग," तो म्हणाला, "गिळायचा नाही. इथे थुंकायचा. तिकडचे मोठे मोठे लोक असंच करतात."

त्याने करून दाखवले. मीराबाई रुमाल धरून, किंचित लाजत, त्या पितळी भांड्यात थुंकल्या आणि म्हणाल्या, "इंटरेस्टिंग आहे." आनंद थुंकला. मीही. खोटे कशाला सांगू, मी नीट थुंकले.

आईने पेला देठाला धरला नाही, तळहातात धरला. ती दोन पावले टेबलापासून बाजूला झाली, नदीकडे तोंड केले, पेला कलता केला आणि पहिला थेंब फरशीवर सोडला. ओठ हलले. दुसरा थेंब. पुन्हा ओठ हलले. आमच्याकडे कोणीही जुने माणूस ओठाला लावण्याआधी गेलेल्या वडीलधाऱ्यांच्या नावाने थेंब सोडते. एरवी दोन थेंब, लग्नात चौदा. जमीन बघायला आलेली धवलारीण त्या जागी आपल्या माणसांना कळवूनही ठेवते, की बाबांनो, लग्न इथे आहे, इथे या. प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात हे सगळे मी लिहिले आहे.

"अगं बाई! सांडलं का?" मीराबाई म्हणाल्या.

महिपतरावाने हाक मारली, "गंगुबाई! फडकं आण गं."

गंगुबाई म्हणजे तिथे झाडलोट करणारी बाई, जवळच्याच गावातली, आईच्याच वयाची. ती फडके घेऊन आली, वाकली, आणि तिने फरशीवरचे ते दोन थेंब पाहिले. शेजारी शेजारी, नीट अंतर ठेवून सोडलेले. मग आईकडे पाहिले. ती वाकलेली तशीच थांबली. त्या शेडमध्ये डॉक्टरेट माझ्याकडे होती. पण काय पाहतो आहोत हे न विचारता कळलेली दुसरी व्यक्ती ती होती.

"काय झालं? पूस की," महिपतराव म्हणाला.

गंगुबाई माझ्याकडे बघू लागली. आनंद पेल्याकडे बघत होता. मीराबाई आईकडून माझ्याकडे वळल्या. त्यांच्या कपाळावर एक बारीक प्रश्न उमटला होता. त्याचे उत्तर मला ठाऊक होते आणि ते एका वाक्याचे होते. पण ते दिले असते तर मला पुढचीही वाक्ये द्यावी लागली असती : की गाणी दोन नाहीत, की लग्नात असे चौदा थेंब पडणार आहेत, की तीन आठवडे मी त्यांना अर्धेच सांगत आले होते.

"आईचा हात थरथरतो हल्ली," मी म्हणाले. "वय झालं. पुसून घ्या, गंगुबाई."

गंगुबाईने पुसून घेतले. एका फटकाऱ्यात नव्हे. दोन थेंब वेगवेगळे टिपले, आणि फडके पिळायला न नेता पदराआड धरून बाहेर गेली.

आईने पेला महिपतरावापुढे धरला. "भर," ती म्हणाली. "भर की. काठापत्तूर."

"आजींना आवडली वाटतं!" महिपतराव खूष झाला. त्याने पेला भरला, इतका की वाइन काठावर फुगून आली. आईने हात सरळ समोर लांबवला आणि पेला तसाच धरून ठेवला. मी मनात मोजत होते, साठाच्या पुढे मोजणे सोडून दिले. त्या तांबड्या पृष्ठभागावर एक सुरकुतीही उमटली नाही. मीराबाई आणि महिपतराव ताटे, खुर्च्या, पार्किंग यांविषयी बोलत होते. तो हात आम्हा दोघा भावंडांसाठी होता. मग तिने पेला पांढऱ्या कापडावर ठेवला आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "बरोबर बोलली सरू. थरथरतो हात माजा."

परत येताना मीराबाईंना डोंबिवलीला उतरवेपर्यंत कोणी विषय काढला नाही. जागा त्यांनी पक्की केली होती. त्या आनंदात त्यांनी आम्हाला खिडकीतून हात केला. गाडी कल्याण-शीळ रस्त्याला लागली तेव्हा आईने वाटीतली माती खिडकीबाहेर ओतली.

"आई, ते त्यांच्यासाठी बोलले मी," मी म्हणाले. "वेळ निभावून नेली."

"कोनासाठी बोललीस ता मना ठाव हाय."

"लग्नात तू बसशीलच की चौकावर. मी सांगते त्यांना सगळं नीट. उद्याच जाते."

"थरथरत्या हाताची बाई चौकावं बसत नाय," आई म्हणाली. "रेघ मोरली का लगीन मोरतंय. तूच लिवलास ना बुकात?"

लिहिले होते. पान एकशे बारा : चौकाची रेघ मोडली की लग्न मोडते. हात कापू लागला की धवलारीण आपणहून उठते आणि पुन्हा बसत नाही, असा नियम. आणि खाली तळटीप, की यातून स्त्री-पुरोहितेच्या अधिकाराची स्वयंशिस्त दिसून येते.

"पण तुझा हात थरथरत नाही!" आनंद ओरडला. गाडी त्याने कडेला घेतली. "सगळ्यांना माहितीये, नाही थरथरत!"

"पोटची पोर बोलली चार मान्सांत. त्या बाईनं ऐकून पुसला. आथा मी बसलू त सरू खोटी ठरंल." तिने रिकामी वाटी पदराने पुसली. "ती शिकलेली हाय. ती खोटी ठरून कसा चालंल? चल, गारी चालव, आनंदा."

दुसऱ्या दिवशी मी डोंबिवलीला गेले आणि मीराबाईंना सगळे सांगितले : चौक, चौदा नावे, चौदा थेंब. माझी अपेक्षा नकाराची होती. मी त्यासाठी युक्तिवाद तयार ठेवले होते, काही संस्कृत आधारही. मीराबाईंनी शांतपणे ऐकले आणि त्या म्हणाल्या, "अहो सरस्वतीताई, मग आधी का नाही सांगितलंत? वाइनचेच थेंब ना? वाइनरीत काय हरकत असणार? किती छान वाटेल. जर्मन लोकांना तर असलं फोक फार आवडतं." त्या मनापासून बोलत होत्या. म्हणजे मी जे लपवले होते ते लपवण्याची गरज नव्हती. आणि त्यांनी जे मान्य केले होते ते मान्य करण्यासारखे उरले नव्हते. मी घरी येऊन आईला सांगितले, आणि या वेळी काही गाळले नाही. आईने जाळ्याची गाठ मारता मारता ऐकून घेतले. "बरा झाला," ती म्हणाली. "पन हात थरथरतो."

शेवंती रडली. "आत्या, धवळ्यांशिवाय माझं लग्न लागलं असं मला वाटायचं नाही गं. तू म्हण. तुला सगळे येतात. पुस्तकच आहे तुझं." आईपुढे ती गेली तेव्हा आईने तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आत्यालाच सांग."

माघात लग्न झाले. लाल गालिचा, गुलाब, नदीवरून येणारा वारा, सात जर्मन पाहुणे. मंगलाष्टके झाल्यावर निवेदकाने जाहीर केले, की आता ठाणे जिल्ह्याच्या भूमिपुत्रांची एक प्राचीन परंपरा डॉ. सरस्वतीबाई सादर करतील. चौक मी भरला होता, हिरवळीवर अंथरलेल्या प्लायवुडच्या तुकड्यावर, प्रबंधातली आकृती समोर ठेवून. रेघा सरळ आल्या होत्या. मी पुस्तक उघडले आणि माइकवर धवळे म्हटले. चाल बरी जमली असावी. मीराबाईंच्या डोळ्यांत पाणी आले होते. महिपतरावाने माझ्या हातात काठोकाठ भरलेला पेला दिला, आणि पान उलटताच तो कंस आला.

(येथे सात पिढ्यांची नावे).

दोन मला येत होती. "नामा," मी म्हणाले, आणि थेंब सोडला. आजोबा. "जनी." आजी. पुढे माइकची घरघर ऐकू येऊ लागली. आई पहिल्या रांगेत, नवऱ्या मुलीच्या आजीच्या मानाच्या खुर्चीत बसली होती. माझ्यापासून आठ-दहा हातांवर. तिच्या तोंडात उरलेली बारा नावे होती आणि तोंड मिटलेले होते. रागाने नव्हे, जसे कोणी आपल्या घराचे दार व्यवस्थित लावून घेते, तसे. ती माझ्याकडेच बघत होती आणि तिच्या उजव्या हातात कोकम सरबताचा भरलेला पेला होता, मघापासून तसाच, स्थिर.

माझ्या हातातला पेला हलला. वाइन प्लायवुडवर सांडली, पिठाच्या चौकात पसरली आणि उताराने वाहत कडेला गेली. मंडपातल्या लोकांना वाटले, हाच शेवट. टाळ्या झाल्या. जर्मन पाहुण्यांनी उभे राहून वाजवल्या.

जेवणाच्या वेळी मीराबाई आईजवळ जाऊन वाकल्या. "आजी, तुमच्या मुलीने किती सुंदर केलं सगळं! नाही?"

आईने सरबत संपवले. पेला बशीत ठेवला.

"हां," ती म्हणाली. "वाचला चांगला."